शेंदूर तळहातावर होता

शालिक,

तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि मला हजेरी घेता येईनाशी झाली आहे. नाव पुकारलं की पोर हात वर करतं. वर्गात चाळीस पोरं, म्हणजे चाळीस उघडे तळहात. दहा-बारा नावं झाली की माझी मान रजिस्टरात खाली जाते ती वर येत नाही. काल दोन गैरहजर पोरं मी हजर लावली. हेडमास्तर म्हणाले, गुरुजी, चार दिवस सुट्टी घ्या. पण सुट्टी घेऊन जायचं कुठे? घरापुढून रस्ता जातो आणि रस्त्यावरून सायकली जातात.

तुझ्या मागच्या चाकाचा आवाज मी शंभरांत ओळखतो. पायडल मारणं थांबवलं की प्रत्येकच सायकल टकटक करते, पण तुझ्या फ्रीव्हीलचा एक दात झिजला होता, म्हणून चार-पाच टक झाले की एक गळायचा. मी कितीदा म्हटलं, बदलून टाक. तू म्हणायचास, "राहू दे ना बे, लोकायले कळते कोण येऊन राहिला ते." आता मधल्या सुट्टीत, भर दुपारी, पोरं डबे खात असताना मला तो गळणारा टक ऐकू येतो. मी फाटकापर्यंत जातो. रस्त्यावर कोणी नसतं. असलंच तर एखादं बकरीचं पिल्लू असतं. मी परत येऊन खुर्चीत बसतो.

तुला सांगायला नको, पण हे कागद उद्या इतरांच्याही कानांवर पडणार आहेत. म्हणून तुला माहीत असलेलंही पहिल्यापासून सांगतो. मास्तर माणसाला तसंही सगळं दोनदा सांगायची खोड असते, त्यावरून तू माझी काय कमी थट्टा केली आहेस?

शोकसभेत कोणीतरी म्हणालं की शालिकभाऊ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत होते. ते दुकान तुझ्या बायकोने आणि तिच्या भावाने चालवलं. तुझा धंदा वेगळा होता. कोणी विचारलं, काय करता? तर तू सरळ सांगायचास, "सायकल चालवतो." समोरचा पोस्टमन समजायचा. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचा नाच-तमाशा, आणि जिथली पोरं हौशी आहेत तिथे सायकलची शर्यत. शर्यत म्हणजे रस्त्यावरची नव्हे. भाताच्या शेतातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवरून, नाल्याच्या वाळूतून, जंगलातल्या बैलगाडीच्या चाकोरीतून. दिवाळीपासून होळीपर्यंत तू या गावाहून त्या गावाला जायचास आणि जिंकून आणायचास. पितळेचे हंडे, घोंगड्या, एकदा ट्रान्झिस्टर, एकदा बोकड. तो बोकड तू सायकलवर पुढे घेऊन आलास आणि त्याने वाटेत तुझ्या बनियनची बाही खाल्ली.

तुझी सायकल साधीच होती, काळी, दुधवाल्याकडे असते तशी. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, घंटी, सगळं काढून टाकलेलं. घाम आला की हॅण्डल निसटतं म्हणून दोन्ही मुठींना तू जुन्या धोतराची पांढरी पट्टी घट्ट गुंडाळायचास. दर शर्यतीला पट्टी नवी. त्या बाबतीत तू नवरदेवासारखा नखरेल होतास.

आता त्या शर्यतीकडे येतो. तिच्याकडे मी रोजच येतो, पण तुझ्यासमोर कधी आलो नाही.

आपल्या गावची मंडई. मंडईच्या मैदानातून निघायचं, आंबागड किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात वाघोबाचा दगड आहे तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. जंगलात पाहायला कोण असतं? आधी दोन-तीन वर्षं पोरं अर्ध्यातूनच वळून आली आणि मैदानात मारामाऱ्या झाल्या. म्हणून कमिटीने रीत पाडली: वाघोबाजवळ एक माणूस तेलात कालवलेला शेंदूर घेऊन बसेल. तो आधी दगडाला बोट लावेल आणि त्याच बोटाने येणाऱ्याच्या कपाळाला टिळा लावेल. कपाळावर शेंदूर नसेल तर तो माणूस तिथे गेलाच नाही. त्या वर्षी वाटी माझ्या हातात होती, कारण कमिटीचा अध्यक्ष माझा मामा होता. मी मॅट्रिक होऊन रिकामा बसलेला, आणि मामा माझ्या मास्तरकीसाठी भंडाऱ्याला खेपा घालत होता. निघताना मामा म्हणाला होता, "कपाळालेच लावजो. कोणाची मर्जी नोको ठेवू."

आणि त्या वर्षी नागपूरचा एक सायकलवाला व्यापारी आला होता. त्याच्याकडे शर्यतीची हलकी सायकल होती, वाकड्या हॅण्डलची. जो पहिला येईल त्याला ती चालवायला देऊन मोठ्या शर्यतींना नेणार, असं त्याने माईकवरून सांगितलं होतं. ती सायकल तू सकाळी दोन बोटांनी उचलून पाहिलीस, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं.

मी मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. तू आलास. तुझ्यामागे बराच वेळ कोणी नव्हतं. आपण चौथीपर्यंत एका वर्गात होतो, पण दोस्त नव्हतो. तुझी वस्ती नाल्यापलीकडे. तुझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा आपण शाळकरी पोरं होतो. त्यानंतर तुझ्या घरातला देव्हारा गेला, एवढं गावाला माहीत होतं. मी बोट शेंदरात बुडवून उभा राहिलो. तू कपाळ मागे घेतलंस.

"कपाळाले नोको लावू, गोरधन."

"काहून?"

"आमच्या घरी हे चालत नाही आता. मलेबी नाही चालत. खूणच पाहिजे ना? हातावर लाव."

मी म्हटलं, मामा रागवेल. तू धापा टाकत होतास, पण आवाज शांत होता. "खाली कोणी विचारलं त तू सांगजो."

मी म्हटलं, "सांगीन."

तू उजवा हात उघडून पुढे केलास. मी तळहाताच्या मधोमध चांगला रुपयाएवढा गोल लावला. तू हॅण्डल धरलंस, सायकल दगडाला वळसा घालून फिरवलीस, कारण नेम म्हणजे नेम, आणि उतारावर निघून गेलास. मागच्या चाकाचा टकटक आवाज झाडांमागे गेला. तेव्हा त्याचे सगळे दात शाबूत होते. दुसरा गडी यायला मला वाटतं एक विडी ओढून झाली असती इतका वेळ गेला.

पुढचं तू मला कधी सांगितलं नाहीस, मी इतरांकडून जोडत गेलो. नाल्याच्या वाळूत तुझी चेन पडली. तू ती हाताने बसवलीस. मैदानात पोचलास तरी पहिलाच पोचलास. पंचांनी कपाळ पाहिलं, कोरडं. तू म्हणालास, शेंदूर हातावर आहे. हात उघडलास तर तळहात वंगणाने काळाकुट्ट. लोक हसले. तू म्हणालास, "गोरधनले इचारा. तो आला की समजन." आणि सायकल धरून उभा राहिलास.

मी सगळ्यात शेवटी, बैलगाडीत बसून आलो. तासभर तरी झाला असेल. मैदानाच्या मध्ये माणसांचं कडं होतं आणि कड्यात तू, उजवा हात हॅण्डलच्या मुठीवर ठेवून. मला पाहून तू हसलास. शालिक, ते हसणं मी विसरलो असतो तर बाकी सगळं सोसलं असतं. तुला काही शंकाच नव्हती.

मामाने विचारलं, "गोरधन, हा वाघोबापाशी आला होता का?"

मी मामाकडे पाहिलं. त्याच्या मागे कमिटीचे चार जण होते. मी रीत मोडली होती, कपाळ सोडून हातावर टिळा लावला होता, तोही कोणाच्या, हे त्या चौघांना चवीने चघळायला मिळालं असतं. मास्तरकी डोळ्यांपुढून गेली. मी म्हणालो, "लय जण होते. ध्यानात नाही."

भांडला असतास, आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्यास, तरी मी पालटलो असतो. तू फक्त माझ्याकडे पाहत राहिलास. मग सायकल फिरवलीस आणि कडं फोडून नाल्याकडे निघून गेलास. हंडा दुसऱ्याला गेला. व्यापाऱ्याची वाकड्या हॅण्डलची सायकलही तोच घेऊन गेला, तुमसरकडचा एक पोरगा. आणि तुझ्या मागे मैदानातून कोणीतरी ओरडलं, "अर्धवाट्या!"

अर्ध्या वाटेतून परतणारा. ते नाव चिकटलं. तू पुढे पन्नास शर्यती जिंकल्या असतील, पण प्रत्येक गावात कडेला कोणीतरी म्हणायचंच, अर्धवाट्या आला. काही जण तर प्रेमाने म्हणायचे, त्यांना त्याचा अर्थही माहीत नव्हता.

मला कोंढ्याजवळ शाळा मिळाली. दुसऱ्या हिवाळ्यात तू कोंढ्याच्या शर्यतीला आलास. मी गर्दीत मागे लपलो होतो. शर्यत झाल्यावर तू सरळ माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, "गुरुजी झाला म्हणे." मी हो म्हटलं. "मंग पंप धर जरा. मागचं चाक बसून राहिलं." मी पंप धरला. माझी हवा भरण्याची पद्धत चुकीची आहे असं तू सांगितलंस, आणि पुढची चौदा वर्षं सांगतच राहिलास. हीच आपल्या दोस्तीची सुरुवात. माफी नाही, विषय नाही. मला तेव्हा वाटलं, तू विसरलास. इतका मूर्ख मी होतो.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी जिथे तुझी शर्यत तिथे मी. पाण्याची बाटली, पंप, एक ट्यूब, पान्ह्याची पिशवी. गावातले म्हणायचे, गुरुजी अर्धवाट्याचा हमाल झाला. मला ते आवडायचं. काहीतरी फिटतंय असं वाटायचं. शर्यत संपताना, रेघ ओलांडली की तू कधी दोन्ही हात वर करून नाचला नाहीस. गर्दीत मला शोधायचास आणि उजवा हात वर करायचास, बोटं पसरून, तळहात माझ्याकडे. लोकांना वाटायचं तू पाणी मागतोस. मी बाटली घेऊन धावायचो. चौदा वर्षं मी बाटली घेऊन धावलो, शालिक.

कदाचित तू खरंच पाणी मागत होतास. हे मला आता कोण सांगणार?

आंबागडची वाट तूच मला शिकवलीस. मी बदली होऊन गावाकडे आलो तेव्हा तू मला किल्ल्याच्या चढावर नेलंस. चढताना सायकल तू खांद्यावर घेतलीस आणि माझी मी, आणि अर्ध्यावर माझीही तूच घेतलीस. उतरताना मी दर दहा हातांवर पडत होतो. तू म्हणालास, "गुरुजी, तू खड्ड्याकडं पाहून राहिला. खड्ड्याकडं पायशीन त चाक खड्ड्यातच जाते. जिथं जाचं हाये तिथं पाय ना." मी तसं केलं आणि पहिल्यांदा न पडता खाली आलो. वाट वाघोबावरून जाते. त्या दगडापाशी येताच मी पुन्हा पडलो. तू मागे वळून पाहिलंस, सायकल आडवी टाकलीस, माझ्या गुडघ्याला माती लावलीस आणि माझी सायकल उचलून दिलीस.

आणि माझ्या थोरल्याच्या वेळची गोष्ट. भर पावसाळ्यात बायको अडली होती, नाल्याला पाणी, गाडी निघेना. कॅरिअर म्हटलं की तोंड वाकडं करणारा तू. दुकानातलं गिऱ्हाइकाचं कॅरिअर काढून स्वतःच्या सायकलला आवळलंस आणि सकाळी निघून दुपारच्या आत नर्सबाईंना मागे बसवून घेऊन आलास. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, या माणसाबरोबर मी परत जाणार नाही, याला रस्ता नावाची गोष्ट माहीत नाही. माझा मुलगा आज दहा वर्षांचा आहे. तो तुझ्याकडे सायकल शिकला. शर्यत संपली की तोही एक हात वर करतो, तुझं पाहून.

एकदा मी बोललो. शहापूरला, हायवेवरची शर्यत होती. डांबर तुला आवडायचं नाही, डांबरावर कोणीबी चालवते म्हणायचास, आणि त्या दिवशी तू तिसरा आलास. आपण चहाच्या टपरीवर बसलो होतो. बाजूच्या बाकड्यावरच्या पोराने तुला अर्धवाट्या म्हटलं. मी म्हटलं, "शालिक, यंदा मंडईत मी माईकवर सांगतो. त्या दिवशीचं."

तू चहात बुडवलेला टोस्ट खाऊन संपवलास. मग म्हणालास, "आता कायले?"

"कायले म्हणजे? खरं हाये म्हणून."

"तेव्हा सांगतलं असतं त खपलं असतं. तेव्हा तू कोणाचाच नव्हता. आता चार तालुक्यांत माह्यामागं पंप घेऊन फिरते. लोक म्हणतीन, दोस्तीसाठी बोलून राहिला."

मी म्हटलं, म्हणोत. तू म्हणालास, "चहा थंडा होऊन राहिला." आणि विषय संपला. तुझा संपला. मी तिथून घरापर्यंत सायकल चालवत मनात तुझ्याशी भांडत आलो, आणि अजून भांडतो आहे. मी तुझा दोस्त झालो म्हणून माझी साक्ष बाद झाली, असं तुझं म्हणणं. पण मी साक्ष दिली नाही म्हणूनच तुझा दोस्त झालो ना रे? या कोड्यातून तू मला सोडवायला हवं होतंस. आणि एक कबूल करतो. तू नको म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं. मान खाली घालून बरं वाटलं.

नाहीतर सुजाताच्या वेळी बोललोच असतो. तुझी पोरगी चौथीत माझ्याच वर्गात होती. एका पोराने तिला अर्धवाट्याची पोरगी म्हटलं आणि मी त्याला छडी मारली. तेव्हा खडू खाली ठेवून चार वाक्यं सांगायची होती. मी म्हटलं, पाढे म्हणा. सुजाता माझ्याकडे पाहत होती. तिची नजर तुझी आहे, हे तुला कोणी सांगितलं होतं का?

मग या दिवाळीनंतर तुला थंडी वाजून ताप आला. हिवताप डोक्यात चढला म्हणाले. मी दवाखान्यात आलो तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतास. तुझे पाय चादरीखाली हलत होते, एक वर, एक खाली, सारखे. वहिनी म्हणाल्या, "दोन दिवसापासून चालवूनच राहिले." मी तुझा उजवा हात धरला. मला वाटलं, आता सांगावं. कानाशी वाकलो. नर्स आली आणि म्हणाली, बाजूला व्हा. मी बाजूला झालो. मी आयुष्यभर कोणीतरी बाजूला व्हा म्हणायची वाट पाहत असतो असं दिसतं.

विहारासमोर तुझी शोकसभा झाली. पांढरे कपडे, वंदना, समोर तुझा तो एकुलता फोटो, सायकलसकट. मला बोलायला उभं केलं. पुढच्या रांगेत खुर्चीवर मामा, आता थकलेला, काठी गुडघ्यांत धरून. समोर सगळं गाव. माझ्या हाती माईक. असा मोका पुन्हा कधी येणार होता? मी म्हणालो की शालिक जिद्दी होता, मनमिळाऊ होता, त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे. पोकळी! तू असतास तर हसून सायकलवरून पडला असतास. मी खाली बसलो आणि लोकांनी मान हलवली, चांगलं बोलले गुरुजी.

सभा उठल्यावर सुजाता आली. हातात पत्र्याचा छोटा डबा, तू त्यात पंक्चरचे तुकडे ठेवायचास तो. "काका, बाबानं हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुम्ही इचारसान तेव्हा द्या म्हणे. तुम्ही त काही इचारलं नाही. पण आता कोणाले ठेवू?"

डब्यात कापडाची पट्टी होती. जुन्या धोतराची, गुंडाळी करून ठेवलेली. मी ती उलगडली. एका बाजूला काळं वंगण वाळून कडक झालं होतं. मधल्या दोन वेढ्यांवर, वंगणाच्या खाली, केशरी रंगाचा ओघळ होता, बोटभर लांब. तेलातला शेंदूर कापडातून जात नाही. इतक्या वर्षांत तो जरासुद्धा विटला नव्हता.

मी विचारलं, ही कधीची?

सुजाता म्हणाली, "मी झाली नव्हती तवाची. आजी सांगे. बाबा मंडईतून घरी आला, पट्टी सोडली, तवा दिसलं. आजोबा म्हणे, आताच्या आता नेऊन पंचायले दाखव. त बाबा म्हणे, नाही. गोरधनले माहीत हाये. तो सांगन."

तो सांगन. तू त्या संध्याकाळीही असं म्हणालास, मी भर मैदानात तुला बुडवल्यावर. आणि तो डबा जपून ठेवलास. कोंढ्याला पंप हातात दिलास तेव्हा डबा घरी होता. शहापूरला चहा थंडा होतो म्हणालास तेव्हाही होता. तू मला नको म्हणालास, आणि मी तरीही सांगतो का, हे पाहत राहिलास. मैदानात तू ज्या मुठीवर हात ठेवून उभा होतास त्याच मुठीवर शेंदूर होता, तुझ्या हाताखाली. कोणी पाहिलं नाही. तुला गरजही वाटली नाही, कारण मी येत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेलो. तो अंगणात उन्हाला बसून सुपारी कातरत होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मामा, त्या साली शालिक वाघोबापाशी आला होता. पहिला आला होता. त्यानं कपाळाले नाही म्हटलं, म्हणून मी हातावर शेंदूर लावला."

मामाचा अडकित्ता थांबला नाही. "मालूम हाये."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तुहं तोंड पाहून आंधळ्यालेबी समजलं असतं."

"मंग मले काहून नाही टोकलं?"

"पंच इचारते, साक्षीदार सांगते. मी इचारलं. तू म्हणला, ध्यानात नाही. मंग मी काय करू?"

मी म्हटलं, माझी मास्तरकी तुमच्या हातात होती. मामाने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "मास्तरकी? तुहा कागद त आठ दिवस आधीच निघाला होता. मंडई झाली की सांगू म्हटलं."

मी त्या अंगणातून घरी कसा आलो ते आठवत नाही. मी हो म्हटलं असतं तर मामाने हंडा तुलाच दिला असता का? की रीत मोडली म्हणून मला चार माणसांत झापलं असतं आणि हंडा दुसऱ्यालाच दिला असता? मी ते विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. मी ज्याला भ्यालो तो खड्डा तिथे नव्हताच, आणि मी इतकी वर्षं त्याच्याकडेच पाहत सायकल चालवली.

उद्या मंडई आहे. सायकलची शर्यत आहे. आता शेंदूर लावत नाहीत, शिक्का मारलेली चिठ्ठी देतात. कमिटीने मला अध्यक्ष केलं आहे, मामाच्या जागी. म्हणजे सुरुवातीचं भाषण माझं.

आज दुपारी मी वहिनींकडून तुझी सायकल मागून आणली. सुजाताला विचारलं, पट्टी पुन्हा मुठीवर बांधू का? ती म्हणाली, "बांधा. बाबा तुमचं बांधणं पाहून शिव्या देत होता, पण बांधा." कापड वाळून कडक झालं होतं, वेढा बसेना. मी तेलाचं बोट फिरवून ते मऊ केलं आणि तुझ्या पद्धतीने बाहेरून आत गुंडाळलं, केशरी वेढा वर येईल असं. मग सायकल घरापर्यंत ढकलत आणली. वाटेत उतारावर तिचं चाक टकटक करत होतं आणि चार-पाच टकांनंतर एक गळत होता. खरोखरचा. मला भीती वाटली नाही.

घरी येऊन पाहिलं तर माझ्या तळहातावर फिकट केशरी डाग आला होता. तो मी धुतलेला नाही. जेवलो डाव्या हाताने, बायको काय ते समजली.

लोक म्हणतील, दोस्तीसाठी बोलतो. म्हणू देत. दोस्ती आहेच, ती लपवायची कशाला? उद्या मी तुझी सायकल मैदानाच्या मध्ये नेईन, तू उभा होतास तिथे. मामा असेल, कमिटी असेल, सुजाता असेल. माईकवर बोलण्याआधी उजवा हात वर करीन, बोटं पसरून. मग हे कागद वाचीन, आणि वाचता आले नाहीत तर एवढंच सांगीन:

शालिक वाघोबापाशी आला होता. सगळ्यांच्या आधी आला होता. शेंदूर मी लावला, त्याच्या तळहातावर. माझ्या ध्यानात आहे.